सृष्टीचे सोळा सोमवार

...आणि उपास कशासाठी, तर म्हणे कबड्डीच्या जिल्हा संघात निवड व्हावी म्हणून! आता तुम्हीच सांगा, चढाया करायच्या पोरीनं, पकडी करायच्या पोरीनं, आणि तिला दिवसभर ठेवायचं कशावर? वाटीभर साबुदाण्यावर! माझी धाकटी बहीण हो, सृष्टी. पंधरा वर्षांची. वाढीचं वय आहे तिचं, वाढीचं!

पण आमची यशोदाआत्या! बाबांची थोरली बहीण, असते आमच्याकडेच, नाशिकरोडला. तिनं पोरीला न विचारताच महादेवाला कबूल करून टाकलं, "सोळा सोमवार करंल आमची सृष्टी!" तुम्हाला सांगते, मी कॉलेजात तीन वर्षं आहारशास्त्र शिकले, पण घरात विचारतंय कोण? आत्या म्हणणार, "तुझं ते प्रोटीन-बिटीन ठेव पुस्तकात. आम्ही काय मेलो का उपासानं?"

चौथ्या सोमवारी व्हायचं तेच झालं. सरावाला चढाईवर गेली, कबड्डी कबड्डी म्हणता म्हणता मधल्या रेषेवरच मटकन बसली! रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन साडेआठ! राखी मॅडम, तिच्या प्रशिक्षक, स्पष्ट म्हणाल्या, "तीन महिन्यांनी निवड आहे. रक्त वाढलं तरच उतरवीन." आणि पुढच्या वर्षी तर ती या वयोगटात बसतच नाही!

मग मात्र मी पदर खोचला. म्हणजे ओढणी. डॉक्टरांच्या गोळ्या सुरू. पंचवटीच्या बाजारातून पालेभाज्या, मटकीची उसळ, वर लिंबू, बाजरीची भाकरी, शेंगदाण्याचे लाडू, अंडी... आणि घरात पहिलं ताट सृष्टीचं! बाबा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून ड्यूटी संपवून आले, रिकाम्या पातेल्यात डोकावून म्हणाले, "मला?" म्हटलं, "बाबा, तुमची उंची वाढणारेय का आता? वाढीचं वय आहे तिचं, वाढीचं!"

आत्याचं सुरूच, "अगं, एवढं खाऊन फुगंल पोरगी! कोण करून घेईल उद्या?"

"आत्या, तिला आवरायला सात जणी कमी पडल्या पाहिजेत!"

"आन् व्रत अर्धवट सोडलं तर महादेव कोपंल त्याचं?"

"कबूल कुणी केलं? तू! मग उरलेले बारा तूच कर!"

आणि केले हो बाईनं! कुरकुरत, पित्तानं हैराण होत, पण बाराच्या बारा सोमवार केले! आणि इकडे पोरीचं हिमोग्लोबिन? बारा!

निवडीच्या दिवशी काय सांगू तुम्हाला! शेवटची चढाई. तिघींनी मिळून पाय धरलेला, एक कमरेला लटकलेली... आणि माझी सृष्टी त्या चौघींना ओढत, ओढत, रेषेला हात लावून मोकळी! मी एवढी ओरडले, एवढी ओरडले, शेजारची बाई म्हणाली, "अहो ताई, बसा की खाली!" बसते कशाला? बहीण आहे माझी! मांड्या बघा तिच्या, सागाचे खांब! झाली निवड!

तर आत्या कॉलनीभर पेढे वाटत फिरतेय, "बघा, फळलं की नाय माझं व्रत?"

"आत्या, अंडी फळली, अंडी!" पण ऐकतंय कोण?

आता चार महिन्यांनी राज्य पातळीची निवड. आत्यानं महादेवाला नवे सोळा कबूलही करून टाकले! मी उसळलेच, "सृष्टीला हात लावायचा नाही हां!"

तर ही बाई मलाच डोळे वटारून म्हणते, "तिचं नाव कोण घेतंय? वाढीचं वय आहे तिचं, वाढीचं!" डॉक्टरांनी आत्याचे उपास बंद केलेत. बाबा तर कधीच चप्पल घालून बाहेर सटकलेले. मग आत्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं...

"तुझं काय आता वाढायचं राहिलंय?"

आज माझा पहिला सोमवार. माझा विश्वास नाही हो, अजिबात नाही... पण पोरीची निवड आहे, उगाच विषाची परीक्षा कोण घेणार?