लहानूचा हातगुण

मी मूळचा वणीकडला. गडाच्या पायथ्याला गाव, थोडी जमीन, तिघं भाऊ, मी मधला, म्हणून ना लाडाचा ना कामाचा. शिक्षण काय नाय, मामाचं सायकलचं दुकान व्हतं, तिथं पाना धरायला शिकलो, आन आणीबाणीच्या आधी सातपूरला एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो, पाचसहा वर्षांत फिटर झालो. आता तुम्ही म्हणाल स्वतःचीच टिमकी वाजवतो, पण मशीनचा आवाज ऐकून मी सांगायचो कुठं दुखतंय ते. म्हणून सगळे मला डाक्टर म्हणायचे, आन ते नाव मला लय आवडायचं, नको इतकं आवडायचं.

तर काय सांगू तुम्हाला, आमच्या खात्यात पत्रा कापायचा एक मोठा प्रेस आला. जागा नव्हती म्हणून कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसवला. मागं मोटर, मोटरवरनं मोठ्या चाकाला तीन पट्टे, काळे, रबराचे, पिठाच्या गिरणीत असतात ना तसे. त्यावर ऑपरेटर म्हणून लहानूला घातला. लहानू पेठकडला, डोंगरातला, माझ्याहून चारपाच वर्षांनी लहान, बोलायला एकदम कमी, डब्यात नागलीची भाकर आन उडदाचं भुजं. मला दादा म्हणायचा, जेवायला माझ्याच शेजारी बसायचा. कामाला चोख, खोटं कशाला बोलू.

आन त्या प्रेसचे पट्टे तुटायला लागले. आज नवा घातला की पंधरा दिवसांत तुटला. मी दोन्ही पुल्यांना सुतळी लावून बघितलं, सरळ रेषेत हायेत. तेल उडतंय का बघितलं, नाय. दुसऱ्या कंपनीचे पट्टे मागवले, ते बी तुटले. ताण वाढवला, कमी केला, पुलीच्या खाचा पालिश पेपरनं घासल्या. सगळं तपासलं मी, सगळं, एक सोडून.

एकदा चहाच्या टायमाला साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, काय डाक्टर, पेशंट सुधरत नाय वाटतं? मला ते असं झोंबलं, आन तोंडातनं निघून गेलं, साहेब, मशीनला काय झालं नाय, लहानूचा हातगुणच वाईट हाय. सगळे हसले. लहानू बी हसला. त्याला वाटलं चेष्टा हाय, आन खरंच तवा चेष्टाच व्हती.

पण शब्द एकदा सुटला की तो काय आपला राहत नाय. मंग कुणी म्हणायचं, लहानू, तू बटण दाबू नको रे, मी दाबतो. कुणाचं ड्रिल मोडलं तरी म्हणायचे, लहानू इकडून गेला का? आन मी, म्हंजे डाक्टर, मी गप. कारण काय, की सगळे लहानूकडं बघत व्हते तोवर माझ्याकडं कुणी बघत नव्हतं.

खंडेनवमी आली. आमच्यात रीत अशी, की ज्याचं मशीन त्यानंच त्याच्यापुढं नारळ फोडायचा. लहानू नवा शर्ट घालून आला व्हता, प्रेस पुसून लख्ख केला, झेंडूची माळ घातली, नारळ घेऊन उभा. मी पुढं झालो आन त्याच्या हातातनं नारळ घेतला. म्हटलं, राहू दे, मी फोडतो. त्यानं दिला. हात शर्टाला पुसले आन मागं जाऊन उभा राहिला. आता सांगताना बी मला तुमच्याकडं बघवत नाय.

दिवाळीनंतर त्याला गोदामात माल उचलायला टाकला. तिथं तो महिनाभर टिकला, मंग हिशेब घेऊन गावाला गेला. काढला कुणी नाय त्याला, माझ्या तोंडानं काढला. त्याला जाऊन आठवडा नाय झाला तोच पट्टा परत तुटला, तर लोक म्हणतात कसे, त्याचाच हात लागलेला पट्टा, जाणारच.

शेवटी साहेबांनी प्रेसच्या कंपनीचा मेकॅनिक बोलावला. वयस्कर माणूस, डोळ्यांवर जाड चष्मा. म्हणाला, नवा पट्टा चढवा बघू. मला तर चेव चढला. मोटरचे मागचे दोन बोल्ट भिंतीकडं, तिथं पाना जायचा नाय, म्हणून मी काय करायचो, मोठा पेचकस पुलीच्या काठात घालायचो, दुसऱ्या हातानं चाक फिरवायचो, आन पट्टा खाडकन वर. दोन मिनिटांचं काम! तसाच चढवला आन त्याच्याकडं बघितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. तो म्हणाला, नेहमी असाच चढवता? म्हटलं, हो. त्यानं तुटलेला जुना पट्टा घेतला, ब्लेडनं चिरला आन आतले दोरे दाखवले. पेचकस जिथं रुतला व्हता तिथं दोरे तुटलेले. वरनं पट्टा कोरा, आत मेलेला. हळूच म्हणाला, बोल्ट ढिले करा, मोटर पुढं घ्या, पट्टा हातानं बसवा. साहेबांना काय बोलला नाय. चांगला माणूस.

मी पाना वाकवून घेतला, भिंतीकडच्या बोल्टांना पुरेल असा. त्यानंतर वर्षभर पट्टा तुटला नाय. आन लोक काय म्हणाले सांगा? म्हणाले, बघा, लहानू गेला आन प्रेस सुधरला, डाक्टर बरोबर बोलला व्हता. साहेबांनी पाठ थोपटली. मी थोपटून घेतली.

असंच राहिलं असतं. पण माझी धाकटी बहीण सासरहून रडत आली. लग्नाच्या महिन्यातच त्यांची म्हैस मेली, तर म्हणे हिचा पायगुण वाईट. मी तावातावानं उठलो, चप्पल घातली, आत्ता जातो आन विचारतो त्यांना. दारापर्यंत गेलो आन पाय थांबला. कोणत्या तोंडानं विचारणार?

त्या मेमध्ये मी एसटीनं पेठला गेलो, पुढं चालत. लहानूनं ओळखलं, दादा म्हणाला, घोंगडी अंथरली, कोरा चहा दिला. शेताचं विचारलं तर म्हणाला, पेरायला झालं हाय, पण बियाची पहिली मूठ बायको टाकती. माझा हात बेस नाय ना. सहज म्हणाला हो, जसं एखादा म्हणतो मला कमी दिसतं. कप माझ्या हातातच राहिला.

मंग मी सगळं सांगितलं. पेचकस, बोल्ट, दोरे. तो लय वेळ स्वतःच्या तळव्यांकडं बघत बसला. मंग म्हणाला, म्हंजे तो हात तुमचा व्हता? मी म्हटलं, माझाच. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, दादा, हे तिकडं जाऊन सगळ्यांना सांगशाल? म्हटलं, सांगतो.

नाय सांगितलं. आज सांगू, उद्या सांगू करत वर्षं गेली. रिटायर झालो तवा माईक हातात दिला, वाटलं आता बोलावं, तर मशीनच्या गमती सांगितल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या आन मी खाली बसलो. सातपूरलाच राहतो, पोरं बघतात, चाललंय. लहानूचं पुढं काय झालं ते ठाऊक नाय, देव त्याचं भलं करो. तुम्ही माझं चांगलं काय लिहू नका. लहानूच्या हातात काय दोष नव्हता, एवढं लिहा. हे त्याच्या तोंडावर बोललो, पण जिथं बोलायचं व्हतं तिथं नाय बोललो.