दुपट्यासकट

दवाखान्यात लशीसाठी बसले होते, माझी लेक खांद्यावर झोपली होती. पुढच्या बाकावर सासू-सून, सासूच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेला नातू.

"उपग्रह मोजतो म्हणतेस, मग त्या गोठलेल्या समुद्रावर तू कशाला जायचं?"

"आई, तो रडारने बर्फाची जाडी मोजतो. पण बर्फावर भुसभुशीत हिम साचतं. ते किती आहे हे नेमकं कळलं नाही, तर खालच्या बर्फाचा हिशेब चुकतो. म्हणून कुणीतरी तिथे जाऊन काठी खुपसून बघायचं."

"एवढं शिकून काठी खुपसायची!"

"हो ना. पण महिनाभर याला सोडून जायचं म्हणजे..."

"मी आहे ना. रोज फोनवर दाखवीन."

"फोनवर तुम्ही सगळं छानच सांगाल. मागे ताप आला, तेव्हा 'जरासा कोमट आहे' म्हणालात."

"तू ऑफिसात घाबरली असतीस, म्हणून गं."

"तेच तर. मला खरं कळणार नसेल, तर मी जातच नाही."

समोरच्या वजनकाट्यापाशी नर्सने हाक मारली. बाळाला काट्यावर ठेवलं.

"साडेसहा किलो. छान वाढलाय!"

"थांबा हो सिस्टर, दुपटं काढते."

"अहो आजी, दुपट्याचं असून असून किती असणार?"

"ते आमच्या सूनबाईंना विचारा."

दुपटं निघालं, टोपडंही निघालं. बाळाने भोकाड पसरलं.

"सहा किलो दोनशे."

"ऐकलंस? सहा दोनशे. फोनवरही असंच सांगीन. आता जाताना जाड मोजे तेवढे घे."