भर दुपारी थांबलेला माग

…तर गप बसाले काय कॉलेज लागते, तुम्हीच सांगा मले. गप तर आमची म्हैस बी बसते. चार लोकायत उभं राहून तोंड उघडता आलं पाहिजे म्हणून आमच्या नत्थूनं, म्हणजे माह्या लेकानं, पोट्ट्याले नागपूरले धाडलं, बीएस्सीले, होस्टेलात ठेवलं, आमच्या खाप्याच्या कोष्टीपुऱ्यातला कॉलेजात जाणारा पहिला पोट्टा, बळीराम, माहा नातू… अन् तिथं त्याले शिकवलं काय, तर डोळे मिटा अन् गप बसा.

हसू नका. आधी मी बी हसलीच होती.

बांगलादेशच्या लढाईच्या पुढच्या सालची गोष्ट. त्यायच्या कॉलेजात कृष्णकांत सर होते, फिलॉसफीचे. त्यायनं नवीनच काढलं होतं, पहिल्या तासाच्या आधी साऱ्या पोट्ट्यायनं मोठ्या हॉलात जमाचं, चपला बाहेर काढाच्या, सतरंजीवर मांडी घालाची, पंखे बंद, खिडक्या बंद, अन् मंग सर आपल्या त्या शुद्ध आवाजात, "श्वास येतो आहे… श्वास जातो आहे… तुम्ही फक्त पाहा…" आता श्वास येते-जाते हे पाहाले नागपूरले जा लागते का? येत-जात नसता तं हे पोट्टे तिथवर पोचले कसे असते?

तर पहिल्या दिवशी बसले सारे. कोणी खोकलला, कोणी फिदीफिदी हसला, मंग हळूहळू सारा हॉल गप झाला. बळीराम खांबापाशी बसला होता. डोळे मिटले, श्वास पाहिला, आला, गेला… अन् मंग त्याचे कान काहीतरी शोधाले लागले.

इथं तुमाले आमच्या गल्लीचं सांगा लागते, नाहीतर समजाचं नाही. आमची गल्ली विणकरायची. भिंतीले भिंत लागून घरं, घराघरात खड्ड्यातला माग, उजाडलं का खटक-खटक सुरू, ते दिवे लागोस्तोर. बाप जेवाले उठला का लेक बसते, लेक उठला का सून बसते. लेकरू त्या आवाजात जन्मते, त्याच आवाजात निजते. अन् भर दिवसा माग थांबला तं त्याचा एकच अर्थ, त्या घरातलं कोणीतरी गेलं. एका घरचा थांबला का शेजारी आपला थांबवते, मंग त्याचा शेजारी, निरोप धाडाची गरजच नाही. बळीरामचा आजा गेला तवा हा पोट्टा पाटी घेऊन शाळेतून येत होता. गल्लीच्या तोंडाशी आला, काहीच ऐकू येईना, अन् तिथंच उभा राहिला. आत येईचना. "मी आत आलो तं खरं होईन," म्हणे. कडेवर उचलून आणलं होतं त्याले.

होस्टेलात कसं, भांडे वाजते, नळ वाजते, पोट्ट्यायच्या बोंबा असते, तवर ठीक होतं. त्या हॉलात मात्र काहीच वाजेना, अन् याच्या मनात एकच आलं. कोणीतरी गेलं. कोण गेलं? घरात साऱ्यात म्हातारं कोण? मी. म्हणजे मीच गेली. बसल्या जागी मारून टाकलं मले पोट्ट्यानं, अन् सर तिकडं म्हणून राहिले, "विचार येतील… येऊ द्या…"

आला ना विचार. उठला अन् पळाला. चपला बी घातल्या नाही, अनवाणी मोटार स्टँडवर, अन् खाप्याची बस.

मी ओसरीत चरख्यावर सुताच्या कांड्या भरून राहिली होती. पाहते तं हा दारात.

"आजी, तू आहेस?"

"आहो ना गा. काहून, कोणी न्याले आलं का?"

तं माह्या मांडीत डोकं खुपसून रडाले लागला, एवढा मिशा फुटलेला गडी. मी हसली, तुम्ही हसले तशीच. मंग त्याचे पाय दिसले, अनवाणी, धुळीनं भरलेले… माहं हसणं तिथंच राहिलं.

सायंकाळी नत्थू म्हणे, "उद्या पहिल्या बसनं जाय."

"मी जात नाही, बाबा."

"काहून?"

"तिथं रोज तसंच बसा लागते. रोज कोणाले मारू मी?"

परीक्षा तोंडावर आलेली. माही सून गोपिका हळूच म्हणे, "राहू द्या ना, घरचा माग आहे." तं नत्थू तिच्यावरच धावला, "मागावर बसवाचा होता तं नागपूरले धाडला कशाले वं? माहे गुडघे पाह्य. त्याचे बी असेच कराचे का?" अन् सकाळी पोट्टा खरंच मागापाशी येऊन उभा राहिला, तं बापानं जागा सोडली नाही. दोघंही बोलेना. माग तेवढा वाजत होता. गप बसाले काय कॉलेज लागते? घरीच जमलं होतं साऱ्यायले.

दुपारी गल्लीत चष्मा लावलेला एक माणूस आला, काखेत पेपरात गुंडाळलेलं काहीतरी, घामानं निथळत, दारोदार विचारत, "बळीराम इथेच राहतो का?" बळीराम बाहेर आला. त्या माणसानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं अन् मटकन उंबऱ्यावरच बसला. तेच कृष्णकांत सर. पेपर सोडला, तं आत याच्या चपला.

"हॉलबाहेर एवढीच जोडी उरली होती, आजी," म्हणे.

मी काय सोडते का त्यायले? पाणी दिलं अन् सुनावलं, "गुरुजी, तुमच्या हॉलात मी मेली काल." आजा, गल्ली, सारं सांगितलं. वाटलं, हसतीन. हसले नाही.

"मागच्या वर्षी आमच्या होस्टेलमधून एक मुलगा निघून गेला," म्हणे. "चपला कॉटखाली तशाच. पोलिसांनी मला विचारलं, तो दिसायला कसा होता? वर्षभर माझ्यासमोर पहिल्या बाकावर बसायचा, आजी. आणि मला सांगता येईना."

"सापडला का मंग?"

"नाही."

मंग चष्मा काढून पुसत राहिले. म्हणे, "म्हणूनच आता हे सुरू केलं, मुलांना डोळे मिटायला लावतो. मी नाही मिटत. एकेकाचा चेहरा बघून घेतो. काल याचा चेहरा दिसला मला, पण मी उठेपर्यंत हा गेला होता."

मी त्यायचा पाण्याचा गिलास पुन्हा भरला.

अन् तेवढ्यात आतला माग थांबला. नत्थूनं ऐकलं होतं सारं. खड्ड्यातूनच म्हणे, "बळ्या, इकडं ये. बस. हे पाह्य, आजी आहे. माय आहे. मी आहो. माग मी थांबवला, माह्या हातानं. आता ऐक."

बळीराम बसला. आधी डोळे उघडेच, एकेकाकडे पाहून राहिला, मंग मिटले. शेजारचा माग थांबला. त्याच्या पलीकडचा थांबला. मंग सारी गल्लीच थांबली. आमच्या घरामागच्या कडुनिंबाची पानं वाजते हे मले एवढ्या वर्सात ठाऊक नव्हतं. पोट्ट्याचा श्वास आधी भराभरा होता, मंग सावकाश झाला, खांदे खाली आले…

अन् शेजारची पार्वतीबाई ऊर बडवत आत आली. "बाई वं, कशी गेलीस वं मले सोडून…" अन् मी तिच्या समोर बसलेली. तिचा सूर मधातच अडकला.

"मंग गेलं कोण?"

"कोणीच नाही."

"कोणीच नाही तं माग काहून थांबला?"

"ध्यान चालू आहे वं. बस खाली."

तिच्या मागून सारी गल्ली, बाप्ये खांद्यावर दुपट्टे टाकून, तिरडीले बांबू आणाले माणूस बी धाडून झाला होता. बळीरामनं डोळे उघडले, मले पाहिलं, त्या साऱ्यायले पाहिलं, अन् असा हसला, असा हसला… सर बी हसले, पुन्हा चष्मा पुसत.

सरायसंगच गेला तो, सायंकाळच्या बसनं. हॉलात बसाले लागला. पास बी झाला.

तर गप बसाले काय कॉलेज लागते… नाही लागत. पण नत्थूले त्याची गोडी लागली ना. तवापासून रोज दुपारी हा घडीभर माग थांबवते अन् साऱ्यायले बसवते. पहिले-पहिले गल्ली धावत आली, मंग सवय झाली, आता ढुंकूनही कोणी पाहात नाही. उद्या मी खरंच गेली, माग थांबला, तं म्हणतीन, बसली असन बुढी ध्यानाले, अन् निवांत जेवतीन. आता मले मराचं बी असन तं दुपार टाळूनच मरा लागन.