श्वास फार सरळ आहे

अहो, आधी मला सांगा, माणसाने सरळ श्वास घेणं हा गुन्हा कधीपासून झाला? तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं एकाच नाट्यगृहात क्लॅरिनेट वाजवतोय मी, आणि फुंकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून शिकवतात काय, तर श्वास हलू द्यायचा नाही, मग समोर पडदा पेटला तरी चालेल… तर आमच्या मास्तरांची चांदीची बासरी गेली कपाटातून. किल्ल्या दोनच, एक माझ्याकडे, एक ड्रमवाल्याकडे. इन्स्पेक्टरसाहेब म्हणाले, फुंकायची वस्तू फुंकणाराच नेणार. काय डोकं आहे बघा! मास्तरांनी तर सांगूनच टाकलं, खोटं पकडायच्या मशीनच्या चाचणीत साफ निघालास तर वाद्यवृंदातली खुर्ची तुझीच, नाहीतर कोठडी आहेच.

मी म्हटलं, लावा मशीन, घाबरतो कोण? छातीला पट्टे, दंडाला पट्टा, बोटांना चिमटे… आणि समोर मशीनवाले साहेब, आवाज असा की आत्ताच झोपेतून उठलेत, 'मशीन खोटं बोलत नाही.' बासरी तुम्ही घेतलीत? नाही. कोणी घेतली माहीत आहे? नाही. सगळं खरं, आणि श्वास कसा, एका लयीत, मला वाटलं आता टाळ्या वाजवतील. त्यांनी कागदावरची रेघ पाहिली, मान हलवली.

'एवढा सरळ श्वास निर्दोष माणसाचा नसतो. तुम्ही दाबून धरलाय.'

म्हटलं, साहेब, धंदाच आहे माझा. तर म्हणे सराईत सगळे असंच सांगतात, आणि मशीन खोटं बोलत नाही. ड्रमवाला? तो पास! अहो, होणारच, जन्मात ज्याचा ठोका चुकला नाही त्याची नाडी काय चुकणार?

तीन दिवस कोठडीत काढले. तिथे मात्र छाती अशी धडधडली की विचारू नका, पण तेव्हा मशीन लावायला कोणी नव्हतं. शेवटी एक हवालदार बाई उठल्या, जुन्या वाद्यांच्या दुकानात गेल्या आणि विचारलं, चांदीची बासरी आलीय का हो? दुकानदाराने बासरी दाखवली, विकणाऱ्याची सही दाखवली. ड्रमवाल्याची! अर्ध्या तासाचं काम.

सुटलो, खुर्चीही मिळाली. पण घरी? बायको चहाचा कप पुढे ठेवते आणि म्हणते, 'चोरी तुम्ही केली नाहीत, मान्य. पण मशीन खोटं बोलत नाही. मग तुम्ही लपवलंत काय?' सासूबाई तेच, मेहुणा तेच, धाकटी मुलगीसुद्धा तेच, सहा महिने, रोज… परवा कंटाळून सांगितलं, तुझ्या भावाने दिलेली फुलदाणी मांजराने नाही, मीच फोडली. साफ खोटं हो, मांजरानेच फोडली होती! बोलताना श्वास पार विस्कटला माझा. बायकोने डोळे पुसले, म्हणाली, 'आता कसं खरं बोललात.'

येत्या रविवारी जोडीने जायचंय, मेहुण्याची माफी मागायला.