दोन टन गारवा

नाही, आधी हसून घ्या... घ्या हसून! हा कागद मी घरून लिहून आणलाय, त्यात ऱ्हस्व-दीर्घाचं जे काही झालंय ते झालंय, माफी असावी, सातवीत शाळा सुटली माझी, भारी शब्द मला येत नाहीत, आणि चुका तुम्हाला दिसायच्याही नाहीत म्हणा, फक्त मी मध्येच अडखळलो तर समजा, तिथं वेलांटी चुकली आहे. पण एक शब्द मला आता पक्का येतो. टन! टला न. ना काना, ना मात्रा, ना वेलांटी, आणि एवढ्याशा शब्दानं माझं लग्न मोडायला काढलं होतं, तुम्हाला सांगतो!

मी कर्जतला लडकूशेठच्या टॉकीजात कामाला. शेठची भाताची गिरणी आधीची, टॉकीज नंतरची, त्यामुळं शेठ टॉकीजातसुद्धा गिरणीतलंच बोलतो. "नाम्या, आज किती पोती पब्लिक आली रं?" आता पब्लिक काय पोत्यात मोजतात? पण मी काय बोलणार? मी आपला गप्प.

आणि त्या गिरणीत काट्यावर मापाडी कोण, तर पळसदरीचे कोंडाजीकाका, आणि कोंडाजीकाकांची मुलगी कोण, तर... जयवंता! बघण्याचा कार्यक्रम झाला, पोहे झाले, ती एकदा हसली, मी दोनदा पाणी सांडलं, आणि काका म्हणाले, "पोरगा बोलत नाय, त्ये बरंच हाय. पन आज टॉकीजात नि उद्या पारावर, आसं चालायचं नाय. कायम हो, मंग पोरगी देतो." कायम! आणि शेठ कुणाला कायम करतो? टॉकीजातली ढेकणं सोडली तर कुणीच कायम नव्हतं!

तर त्याच उन्हाळ्यात शेठ मुंबईच्या एका थेटरात गारेगार बसून आला आणि आल्या आल्या म्हणाला, "आपल्याकडं बी गारवा पायजे!" बाल्कनीच्या मागं मोठ्या लोकांसाठी काचेची खोली बांधली, तिला म्हणायचं बॉक्स. गारव्याच्या मशीनची ऑर्डर दिली, त्या कंपनीनं सांगितलं, फटी बुजवा, नाहीतर गारवा गळतो. "भात गळतो तसा?" शेठनं विचारलं, आणि मला गोणपाट नि डांबर घेऊन आत सोडलं. खिडक्यांना खिळे, फटींना डांबर... मुंगीला आत जायचं तर तिकीट काढून दारातूनच जावं लागेल, अशी खोली केली मी! शेठ खूश. "मशीन येऊं दे, बटणवाला तू. कायम!"

मी जिन्यातच दोन पायऱ्या चुकलो, आनंदानं.

आणि मग निरोप आला. मशीन दोन टनाचं आहे.

"दोन टन?" शेठ पांढरा पडला. "वीस क्विंटल! बाल्कनी बसंल की रं खाली!" कंपनीचा साहेब फोनवर म्हणतोय, अहो, ते टन वेगळे. शेठ ऐकतो होय? "मला टन शिकवतो? टन म्हणजे टन!" लगेच बाल्कनीखाली सागाचे वासे उभे केले, आणि ते नेमके बाकांच्या मधोमध. पब्लिकला हिरो वाशाच्या डावीकडं दिसायचा नि हिरोईन उजवीकडं, अख्ख्या पिक्चरभर दोघांची भेट नाही! गेटावर शेंगा विकणारी धोंडूबाई म्हणाली, "नाम्या, तुजं नि जयवंताचं बी आसंच व्हणार रं! मधी वासा!" मी काय बोलणार? मी आपला गप्प.

मशीन यायच्या दिवशी आठ हमाल, दोन बैलगाड्या, दोरखंड, पहारी, नारळ... आणि आला काय, तर एक टेंपो. त्यात एक खोकं. हमालांनी अंगातला सगळा जोर काढून ते धरलं, "उचला रं हो!" केलं, आणि खोकं असं काही भसकन वर आलं, की सगळे मागच्या मागं! शेठ टेंपोखाली वाकून बघतोय, "बाकीचं कुठाय?"

बाकीचं काही नव्हतंच. मग काय, खोकं गिरणीत नेऊन काट्यावर चढवलं. आता मापाडी मोजताना 'एक' कधी म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो, मग दोन, मग तीन. कोंडाजीकाकांनी वजनं टाकली, डोळे मिटले, आणि सूर लावला, "लाभ रं लाभ... लाभ..." आणि पुढं जाईचनात! डोळे उघडले. "शेठ, लाभच व्हयना. क्विंटल बी भरत नाय!"

"फसवलं!" शेठ ओरडला.

टेंपोबरोबर आलेला कंपनीचा चष्मेवाला साहेब घामाघूम. "शेठ, हे वजन नाही हो. दोन टन बर्फ एका दिवसात वितळला तर जेवढा गारवा होईल, तेवढा हे मशीन देतं."

"मंग बरफ कुठाय?"

"बर्फ नसतो. बर्फाइतका गारवा!"

"आस्सं! उद्या तू दोन टन भात मागितलास, नि मी भाताइतका वास दिला, तर चालंल?"

साहेबानं चष्मा काढून पुसला. शेवटी ठरलं, उद्या तीनच्या खेळाला लावून दाखवायचं. खरं निघालं तर ठीक, नाहीतर मशीन परत. "नि मशीन परत, तर बटणवाला बी परत!" शेठ म्हणाला. कोंडाजीकाकांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं भिजलेल्या पोत्याकडं पाहतात.

दुसऱ्या दिवशी बॉक्समध्ये शेठ, काका, साहेब. खाली बायकांच्या बाकावर आईबरोबर जयवंता. मी बाहेर जिन्यात, बटणाशी. पिक्चर चालू झालं, मी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं, आणि थोड्या वेळानं काचेतून बघतो तर काकांनी मुंडासं सोडून कानाला गुंडाळलेलं, आणि शेठ दात वाजवत म्हणतोय, "ट-ट-टन म्ह-म्हणजे ट-टन!" जिंकलो! म्हटलं, वाजवा सनई!

आणि खालून बोंब! टॉकीजची तार जुनी, बारीक, सगळी वीज मशीननं ओढून घेतली, आणि पडद्यावरची गोरीपान हिरोईन हळूहळू काळीठिक्कर... नुसते दात दिसायला लागले! "ए बत्ती वाढव!" शिट्ट्या, बाकं आपटताहेत, गेटावरून धोंडूबाई ओरडतेय, "पल्याड भिवपुरीला डोंगरावरनं पानी पाडून ईज करत्यात, नि आमी हितं अंधारात!" आता काय करू? बटण बंद केलं तर मशीन परत, मी परत, लग्न परत! नाही केलं तर टॉकीज जागेवर राहत नाही! तेवढ्यात त्या सगळ्या गोंधळातून एक बारीक आवाज आला, "आये, मला कायच दिसंना गं!"

जयवंता!

केलं बंद. खटकन!

पडदा उजळला, टाळ्या पडल्या, आणि बॉक्समध्ये... अहो, खिडक्यांना खिळे, फटींना डांबर, बाहेर वैशाख! थोड्याच वेळात दार उघडून तिघं बाहेर आले, ते उकडलेल्या रताळ्यांसारखे. "कुनी बंद केलं?" शेठ गरजला. मी काय बोलणार? मी आपला गप्प... राहणार होतो हो! पण तोंडातून निघून गेलं, "मी."

"का रं?"

"जयवंताला दिसत नव्हतं."

मेलो! तिच्या बापासमोर! धोंडूबाई ओरडली, "आगं बाय बाय, बोलला गं बोलला!" आणि शेठ घाम निथळत म्हणतो कसा, "कोंडाजी, गारवा हुता तवर त्येचं वजन कळलं नाय. बंद झाला नि सगळं वजन डोक्यावर पडलं बग! दोन टन! टन म्हणजे टन! मशीन ऱ्हाऊं दे. पन पिक्चर चालू आसताना लावायचं नाय."

आणि कोंडाजीकाका माझ्याकडं बघत राहिले, बघत राहिले, आणि डोळे मिटून म्हणाले, "लाभ!"

झालो कायम. तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी काय केलं? पिक्चर नाही, पब्लिक नाही, शेठ नि होणारे सासरे बॉक्समध्ये पाय पसरून घोरायला आले, आणि मी बटण दाबून बाहेर स्टूल टाकून बसलो. बसलो आणि कळलं, मशीन आतली सगळी धग मागच्या बाजूनं बाहेर फेकतं, आणि त्याच बाजूला, तोंडासमोर, माझं स्टूल. आत दोन टन गारवा... बाहेर दोन टन उन्हाळा. धोंडूबाईनं खालून विचारलं, "काय नाम्या, कसं काय हाय?"

मी काय बोलणार? टन म्हणजे टन.