शहाण्णव झाडं

सन्माननीय अध्यक्ष मनोहरराव, व्यासपीठावरील मान्यवर, कृषी कार्यालयातले माझे सहकारी, काटोल-कळमेश्वरकडून बस बदलत नागपुरात आलेले शेतकरी बंधू-भगिनी, आणि पहिल्या रांगेतून मला घड्याळ दाखवणारी माझी पत्नी मधुवंती, आपणा सर्वांना नमस्कार.

अध्यक्षांनी माझ्या नोकरीचा फारच गौरव केला. साडेतीनशे संत्राबागांना माझ्या हातून अनुदान मिळालं, असं ते म्हणाले. आकडा बरोबर आहे. पण मला सकाळपासून हुकलेली एक बाग आठवते आहे. परवानगी असेल तर तिच्याबद्दल बोलतो.

ती बाग मैनाबाईंची. त्यांनी संत्र्याची एकशे दहा कलमं लावली होती. अनुदानाचा पहिला हप्ता मिळाला. दुसऱ्यासाठी शंभरातली नव्वद झाडं जिवंत लागतात, म्हणजे त्यांची नव्याण्णव. फेब्रुवारीत त्यांचा फोन आला, "सायेब, सारी झाडं हिरवी हायेत, येऊन पाहून जा जी." मी म्हणालो, येतो. तेव्हा मला मतदार याद्यांच्या कामाला लावलं होतं. मग मार्चअखेरची गडबड, मग पाहणीचे फोटो चढवायचं ॲप बंद पडलं. मे महिन्यात त्यांच्या विहिरीनं तळ गाठला. त्या आणि त्यांचे यजमान चंपतराव घागरींनी पाणी आणून घालत होते. मी पोचलो जूनच्या तीन तारखेला.

आम्ही ओळीनं मोजत गेलो, प्रत्येक झाडाचा फोटो काढत. शहाण्णव भरली.

"पुन्हा मोजा ना जी," त्या म्हणाल्या.

पुन्हा मोजली. शहाण्णवच. त्यांनी एका वाळल्या कलमाची साल नखानं खरवडली. "हे पाहा, आतून ओलं हाये." मीही खरवडली. आत तपकिरी होतं. चंपतराव बांधावरून एवढंच म्हणाले, "काहून मोजायले लावून राहिली वं, सायबाले जाऊ दे."

फेब्रुवारीत का आला नाहीत, हे दोघांनीही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी अहवालात 'अपात्र' लिहिलं आणि सोबत चिठ्ठी जोडली की उशीर माझ्याकडून झाला. आमचे तालुका अधिकारी भले गृहस्थ, त्यांनी वर विनंती पाठवली. उत्तर आलं, नियमात तशी तरतूद नाही. ते पत्र मीच फाईलला लावलं. आणखी काय करता आलं असतं, मला आजही ठाऊक नाही. पुढच्या हंगामात मैनाबाईंनी उरलेली झाडंही काढली आणि कापूस लावला.

गेल्या आठवड्यात या सेवानिवृत्तीच्या समारंभाची पत्रिका द्यायला त्यांच्याकडे गेलो. म्हणाल्या, "आली असती सायेब, पन त्या दिवशी वेचणीले बाया सांगितल्या." चहा दिला. निघताना म्हणाल्या, "तुमच्या जागी जो येईन त्याले सांगजा, लवकर येत जाय म्हना."

मी हो म्हणालो.

मित्रहो, माझ्या जागी अजून कुणाचीही नेमणूक झालेली नाही. कपाटाची किल्ली काल मी लिपिकाकडे ठेवून आलो. मैनाबाईंना ते सांगणं माझ्याच्यानं झालं नाही.

आपण शाल दिलीत, इतका वेळ ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. बाकीची माफी कुठं मागायची असते, ते मला माहीत नाही.