फटीतून दिलेली पदके

मी, खाली सही करणारी, वय ४६ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार कापडगिरणीच्या मागची गल्ली, दुसरा मजला, जिन्यालगतची खोली. समक्ष विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझे वडील, वय ८१, लष्करातून निवृत्त नायक, असे दोघेच राहतो. वडिलांना नोकरीत मिळालेली चार पदके आता घरात नाहीत. त्यांच्या जागी दुसरी मिळावीत म्हणून लष्कराच्या कचेरीत अर्ज करायचा आहे. अर्जाला पोलिसांचा दाखला लागतो, म्हणून आले आहे.

पदके कपाटात आईच्या शालीत गुंडाळलेली असत. वडिलांनी ती छातीवर लावलेली मी कधी पाहिली नाहीत. माझ्या लग्नातही लावली नाहीत. आई मागे लागली की म्हणत, "अर्धी माझी नाहीत. अर्धी कशी लावू?"

त्याचा खुलासा असा की, लढाईत वडील टेलिफोनची तार टाकण्याच्या कामावर होते. जोडीला आमच्याच गावचा एक शिपाई होता. तो सतत शीळ घाली, म्हणून सगळे त्याला शिट्टी म्हणत. पुलापाशी तुटलेली तार जोडायला दोघे गेले. तार जोडली गेली. वडील परत आले, शिट्टी आला नाही. देह न मिळाल्याने तो कागदोपत्री बेपत्ता राहिला व शौर्याचे पदक एकट्या वडिलांना मिळाले. शिट्टीची आई मुलगा येईल म्हणून शेवटपर्यंत दाराला कडी लावत नसे. ती वारली, तेव्हापासून घर बंद आहे.

गेल्या वर्षापासून वडिलांना दुपारी शीळ ऐकू येते. ते मला मशीन थांबवायला सांगतात. मी थांबवते. डॉक्टरांनी कान तपासून साफ करून दिले. फरक पडला नाही.

मागच्या सोमवारी दुपारी मी शिवलेले कपडे द्यायला गिऱ्हाइकाकडे गेले होते. परत आले तर वडील घरी नव्हते. शाल पलंगावर उघडी पडली होती. मी शेजारी चौकशी करत असताना फोन आला. वडिलांच्या सदऱ्याच्या कॉलरच्या आत मी माझा नंबर धाग्याने शिवलेला आहे. शिट्टीच्या घराशेजारच्या इस्त्रीवाल्याने तो पाहून फोन केला. म्हणाला, "ताई, बाबा इथं पायरीवर बसलेत. बरे आहेत. या, पण धावपळ करू नका."

मी पोचल्यावर त्याने सांगितले, "दाराखालच्या फटीतून काहीतरी आत सरकवत होते. एक सरकवायचे, थांबायचे. आतला माणूस घेईल तसं. मला वाटलं, घरात कुणी आलंय की काय!"

किल्ली इस्त्रीवाल्याकडेच असते. त्याने माझ्यासमोर कुलूप काढले. आत एकच खोली आहे. मागे दार नाही. खिडकी आतून बंद होती. जमिनीवर धुळीचा थर होता. दाराच्या आत चार जागी तेवढी धूळ पुसलेली होती. पदके नव्हती. पावलांच्या खुणा नव्हत्या. आम्ही बॅटरी लावून कानाकोपरा पाहिला, खाट हलवून पाहिली. इस्त्रीवाल्यावर माझा संशय नाही. "ताई, किल्ली माझ्या कमरेलाच होती," एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

वडील आत आले नाहीत. पायरीवरूनच त्यांनी विचारले, "घेतली ना त्यानं?" मी हो म्हटले.

त्या घरात मला स्वतःला शीळ ऐकू आली का, असे अंमलदारसाहेबांनी विचारले. त्याबद्दल मला काही सांगायचे नाही.

पदके हरवली की चोरीस गेली, यांपैकी एकच लिहिता येते, असे मला समजावून सांगितले. वडील बाहेर बाकावर बसले आहेत. त्यांना विचारून आले. ते म्हणाले, "चोरीला गेली म्हणून लिहू नकोस आणि हरवली म्हणून तर मुळीच नको. त्याची होती, त्याला पोचली."

"मग बाबा, दुसरी कशाला मागायची?"

"ती माझी. आली की लावणार. नव्या सदऱ्याला डावीकडे खिसा शिवू नकोस, जागा लागेल."

माझा जबाब अंमलदारसाहेबांनी मोठ्याने वाचून दाखवला. आवाज बाहेर बाकापर्यंत जात होता. मी सांगितले तसाच तो लिहिला आहे. कचेरीसाठी म्हणून 'हरवली' हा एक शब्द साहेबांनी घातला आहे. तो वाचताना त्यांनी आवाज खाली घेतला. माझी हरकत नाही.